शिकाऊ परिचारिका आणि क्षयाचा संसर्ग

रुग्णालयाच्या वॉर्डात खोकणाऱ्या रुग्णाच्या उशाशी सर्वांत अधिक वेळ घालवणारी व्यक्ती पुष्कळदा रुग्णालयाच्या पगारपत्रकावर नसतेच. तिचे नाव परिचर्या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर असते. चादर बदलणे, अंग पुसणे, नाडी-ताप नोंदवणे, घास भरवणे, नेब्युलायझर लावणे आणि थुंकीच्या नमुन्यासाठी रुग्णाला खोकायला सांगून डबी हातात धरून उभे राहणे ही कामे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींच्या वाट्याला येतात, कारण अभ्यासक्रमात ती शिकण्याची कामे म्हणून नोंदलेली असतात आणि मनुष्यबळ तोकडे असलेल्या वॉर्डाला ती करणारे हात हवेच असतात. डॉक्टरांचा राउंड काही मिनिटांत संपतो. विद्यार्थिनीची ड्यूटी तासन्‌तास चालते. सतरा-अठरा वर्षांच्या या मुलींना, आणि त्यांच्याबरोबर शिकणाऱ्या थोड्या मुलांना, क्षयाचा संसर्ग किती प्रमाणात होतो, तो मोजता येतो का, आणि मोजता येत असूनही बहुतेक ठिकाणी तो का मोजला जात नाही, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभीच दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. क्षयाचा संसर्ग म्हणजे क्षयजंतू शरीरात शिरणे आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीने त्यांची दखल घेणे. क्षयरोग म्हणजे त्या जंतूंनी वाढून फुप्फुसाला किंवा अन्य अवयवाला इजा करणे. संसर्ग झालेल्या बहुसंख्य माणसांना रोग कधीच होत नाही. आयुष्यभरात साधारणपणे शंभरातील पाच ते दहा जणांना तो होतो, परंतु त्यांतील निम्म्यांच्या आसपास पहिल्या दोन वर्षांतच आजारी पडतात, म्हणजे शिकत असताना संसर्ग झालेल्या मुलीच्या बाबतीत सर्वांत धोक्याचा काळ तिच्या प्रशिक्षणातच किंवा नोकरीच्या पहिल्या वर्षात येतो. जंतूंचा प्रवासही नेमका समजून घेतला पाहिजे. खोकल्याबरोबर उडणारे मोठे थेंब जमिनीवर पडतात आणि त्यांच्यापासून फारसे भय नसते; अतिसूक्ष्म थेंबांतील पाणी मात्र क्षणार्धात उडून जाते आणि उरलेला, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याच्या काही पट मोठा कण हवेत तासन्‌तास तरंगत राहतो व श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतो. म्हणून रुग्णाची भांडी, कपडे किंवा हाताचा स्पर्श यांपेक्षा त्या खोलीतली हवा महत्त्वाची ठरते. आपल्याकडच्या घरांत अजूनही क्षयरुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवतात आणि खिडकी मात्र गार वारा लागेल म्हणून बंद करतात, ही खबरदारी अगदी उलट्या जागी घेतलेली आहे.

रुग्णालयात काम करणाऱ्यांना क्षयाचा विशेष धोका आहे, ही गोष्ट वैद्यकाने सहजासहजी मान्य केली नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला, त्याच वर्षी लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातील थिओडोर विल्यम्स यांनी तेथील डॉक्टर, परिचारिका व नोकरवर्ग यांच्या अनुभवाचा दाखला देऊन हा रोग रुग्णालयात संसर्गाने पसरत असल्याचे दिसत नाही असे प्रतिपादन केले, आणि तो दाखला पुढे दीर्घकाळ उद्धृत होत राहिला. अशा आकडेवारीतला दोष उघड आहे. जी परिचारिका वर्षभर काम करून खोकला घेऊन गावी परतते आणि तेथे दगावते, ती रुग्णालयाच्या नोंदीत 'काम सोडले' एवढ्याच शब्दांत उरते. त्यातूनही एखादी आजारी पडली, तर तिची नाजूक प्रकृती, रात्रपाळीचे जागरण किंवा घरातील आनुवंशिकता यांकडे बोट दाखवता येत असे. दोष माणसात शोधला की जागेत शोधावा लागत नाही. हा युक्तिवाद नावे बदलून आजही चालू आहे, म्हणूनच त्याचा उल्लेख येथे केला.

तो युक्तिवाद मोडून काढणारे काम नॉर्वेत झाले. ऑस्लोच्या उल्लेव्होल रुग्णालयात योहानेस हाइमबेक यांनी १९२४ पासून परिचर्या शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीची ट्युबरक्युलिन चाचणी प्रवेशाच्या वेळीच करण्यास सुरुवात केली. ट्युबरक्युलिन हे क्षयजंतूंपासून काढलेल्या प्रथिनांचे मिश्रण असून ते त्वचेत टोचल्यावर, ज्याला पूर्वी संसर्ग झालेला आहे त्याच्या त्वचेवर दोन-तीन दिवसांत कठीण गाठ येते. संसर्ग झालेला नसेल तर बहुधा येत नाही. हाइमबेक यांना आढळले की येणाऱ्या मुलींपैकी जवळजवळ निम्म्यांची चाचणी नकारात्मक होती, आणि तीन वर्षांचे प्रशिक्षण संपेपर्यंत त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांची ती सकारात्मक झाली होती. क्षयरोगही प्रामुख्याने याच मुलींना झाला. ज्या आधीच संसर्गित होऊन आल्या होत्या, त्यांच्यात रोगाचे प्रमाण अगदी कमी होते. ज्या निरोगी आणि असंसर्गित म्हणून आल्या, त्यांच्यातील सुमारे एक-तृतीयांश आजारी पडल्या आणि काही मरण पावल्या. धडधाकट प्रकृतीच्या मुलीला भय नाही हा समज यामुळे पुरता उलटला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रवेशाच्या दिवशीची नोंद हाती असल्याने, संसर्ग घरून आणला की वॉर्डात मिळाला या प्रश्नाला प्रथमच निःसंदिग्ध उत्तर देता आले. पुढे इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या पुढाकाराने सुमारे १०,००० तरुण-तरुणींची काही वर्षे पाहणी करण्यात आली, ती प्रॉफिट पाहणी या नावाने १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिनेही नकारात्मक चाचणी घेऊन रुग्णालयात शिरलेल्या परिचारिकांचा धोका अधोरेखित केला. १९५१ मध्ये ब्रिटनने परिचारिकांना कामातून होणारा क्षय हा भरपाईस पात्र असा व्यावसायिक रोग मानला.

हाइमबेक यांनी आपल्या विद्यार्थिनींना बीसीजी लस देण्यास सुरुवात केली आणि लस घेतलेल्यांत रोग बराच कमी झाल्याचे दाखवले. हा उपाय भारतात जसाच्या तसा लागू पडला नाही. तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत बीसीजीने प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण मिळत नाही असे आढळले, आणि जन्मतःच दिलेली लस बालकांना मेंदूच्या व सर्व शरीरात पसरणाऱ्या क्षयापासून वाचवत असली तरी वीस वर्षांच्या विद्यार्थिनीच्या दंडावरचा व्रण तिला वॉर्डात ढालीसारखा उपयोगी पडत नाही.

भारतातील परिस्थितीविषयी दोन अभ्यास विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला महाराष्ट्रातील आहे. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ७२६ आरोग्यसेवकांची त्वचा-चाचणी आणि रक्तचाचणी अशी दुहेरी तपासणी झाली व तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांत वैद्यकीय व परिचर्या शाखेचे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते आणि निम्म्यांचे वय २२ किंवा त्याहून कमी होते. तरीही दोहोंपैकी किमान एक चाचणी सकारात्मक असलेल्यांचे प्रमाण ५० टक्के निघाले, आणि वय व आरोग्यसेवेतील वर्षे वाढत गेली तसा संसर्गही वाढत गेलेला दिसला. परंतु अशी पाहणी एका क्षणाचे चित्र देते. संसर्ग केव्हा आणि कोठे झाला, हे ती सांगू शकत नाही.

ती उणीव दुसऱ्या अभ्यासाने भरून काढली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये २००७ साली ४३६ परिचर्या विद्यार्थ्यांची प्राथमिक चाचणी झाली. त्यांतील २१७ जण नकारात्मक निघाले, म्हणजे हाइमबेक यांच्याप्रमाणेच जवळजवळ निम्मे. या गटातील ज्यांची २००८ मध्ये पुन्हा चाचणी झाली, त्यांच्यापैकी १४ जणांच्या त्वचेवरील गाठ पूर्वीपेक्षा १० मिलिमीटर किंवा अधिक वाढलेली आढळली. त्यावरून संसर्गाचा वार्षिक धोका ७.८ टक्के असल्याचे अनुमान निघाले. वार्षिक धोका म्हणजे असंसर्गित असलेल्या शंभर माणसांपैकी वर्षभरात किती जणांना नव्याने संसर्ग होतो ते प्रमाण, आणि सर्वसाधारण भारतीय जनतेसाठी ते त्या काळी १.५ टक्के धरले जात असे. अभ्यास लहान असल्याने अनुमानाला ४.३ पासून १२.८ टक्क्यांपर्यंतचा वाव आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्याची खालची मर्यादासुद्धा राष्ट्रीय सरासरीच्या अडीच पटींहून अधिक आहे. हा दर चार वर्षे कायम राहिला असे गृहीत धरले, तर बी. एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला असंसर्गित अवस्थेत आलेल्या शंभर मुलींपैकी सुमारे २८ जणी पदवी घेताना संसर्गित असतील. याच वयाच्या आणि वॉर्डात न जाणाऱ्या शंभर मुलींत ही संख्या सहाच्या आसपास राहील. कोणत्या कामांमुळे धोका वाढला, हेही या अभ्यासाने दाखवले. थुंकीचे नमुने गोळा करणे आणि फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णाची शुश्रूषा करणे ही ती दोन कामे होत, म्हणजे व्याख्यानाच्या आरंभी वर्णिलेली विद्यार्थिनीच्या रोजच्या ड्यूटीतलीच.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. भारतासारख्या देशात क्षय सर्वत्र आहे. मुलगी लोकलमध्ये, एसटीत, चाळीत, हॉस्टेलवर कोठेही संसर्गित होऊ शकते, मग वॉर्डालाच दोष का द्यावा? या आक्षेपाचे उत्तम उत्तर झिंबाब्वेतून मिळते. हरारे शहरात परिचर्या शिकणाऱ्या आणि त्याच शहरातील तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या अशा दोन विद्यार्थीगटांची एकाच काळात चाचणी घेण्यात आली. शहर एकच, वय जवळपास सारखे, आणि त्या शहरात क्षय घरोघरी. तरीही वर्षाला शंभर जणांमागे नव्याने सकारात्मक होणाऱ्यांचे प्रमाण तंत्रनिकेतनात ६ आणि परिचर्या शाळेत १९.३ इतके निघाले. समाजात संसर्ग जास्त असल्यामुळे वॉर्डातला धोका नाहीसा होत नाही. तो त्यावर आणखी चढतो.

येथे एका गैरसमजाचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. क्षयाचा धोका क्षयाच्या वॉर्डात असतो, असे गृहीत धरून काही संस्था विद्यार्थिनींचे पोस्टिंग तेथे टाळतात आणि कर्तव्य झाले असे समजतात. वास्तविक योग्य औषधे सुरू झालेला रुग्ण झपाट्याने असंसर्गी होत जातो. मद्रास येथे १९५० च्या दशकात झालेल्या सुप्रसिद्ध प्रयोगाने घरी राहून उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या कुटुंबीयांना, आरोग्यधामात पाठवलेल्या रुग्णाच्या कुटुंबीयांपेक्षा अधिक धोका नसतो हे दाखवून दिले, आणि त्यामुळे जगभरची क्षय-आरोग्यधामे ओस पडली. बॉल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली यांनी वॉर्डातली हवा नळीवाटे वरच्या मजल्यावरील गिनीपिगांना पुरवून, बहुतेक संसर्ग मोजक्या रुग्णांकडून होतो आणि उपचाराबाहेर राहिलेला किंवा ज्याचे जंतू औषधांना दाद देत नाहीत असा रुग्ण त्यांत अग्रभागी असतो, हे सिद्ध केले. म्हणजे खरा धोका जनरल मेडिसिनच्या वॉर्डात, कॅज्युअल्टीत, मधुमेहासाठी किंवा पोटदुखीसाठी दाखल झालेल्या आणि तीन आठवड्यांपासून खोकणाऱ्या परंतु ज्याची थुंकी कोणी तपासलेली नाही अशा रुग्णाजवळ असतो. तेथे कोणी मास्क लावत नाही, कारण तेथे क्षय आहे हेच कोणाला ठाऊक नसते. खोकणाऱ्या रुग्णाला दाखल करतानाच वेगळे ओळखणे आणि त्याची थुंकी लगेच तपासणे हा संसर्गनियंत्रणाचा पहिला उपाय आहे. ट्रूनॅटसारखी जनुकीय चाचणी काही तासांत निदान देत असताना, निदानाची वाट पाहत रुग्ण आठवडाभर चाळीस खाटांच्या वॉर्डात पडून राहणे अक्षम्य आहे.

इमारतीचा प्रश्न यानंतर येतो, आणि तो आपल्या रुग्णालयांच्या बाबतीत विशेष बोलका आहे. पेरूच्या लिमा शहरात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयांच्या खोल्यांतील हवा तासाला किती वेळा पूर्ण बदलते हे मोजण्यात आले. उंच छत आणि मोठ्या समोरासमोरच्या खिडक्या असलेल्या, १९५० पूर्वीच्या वास्तूंत खिडक्या-दारे उघडल्यावर ती ४० वेळा बदलत होती, नव्या धाटणीच्या खोल्यांत १७ वेळा, आणि यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांत १२ वेळा. अभ्यासकांच्या गणितानुसार, उपचार न झालेल्या रुग्णांच्या सहवासात २४ तास राहिल्यास यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोलीत शंभरातील ३९ जणांना संसर्ग झाला असता, तर जुन्या वास्तूत ११ जणांना. महाराष्ट्रातील जुन्या सरकारी व मिशनच्या रुग्णालयांत अशा उंच छताच्या, झरोक्यांच्या, व्हरांड्याच्या वास्तू आहेत, आणि नूतनीकरणाच्या नावाखाली त्यांना खोटे छत लावून, व्हरांड्यांना अॅल्युमिनियमची तावदाने बसवून आणि एका कोपऱ्यात वातानुकूलन यंत्र टांगून त्या बंदिस्त केल्या जात आहेत. हे नूतनीकरण संसर्गाच्या दृष्टीने अधोगती आहे. थुंकीचा नमुना तर चार भिंतींच्या आत घेण्याचे मुळीच कारण नाही; तो मोकळ्या अंगणात घ्यावा, एवढ्याने वेल्लोरच्या अभ्यासात दिसलेल्या दोन धोक्यांपैकी एक पुष्कळसा आटोक्यात येतो आणि त्याला पैसा लागत नाही.

मास्कविषयी थोडक्यात सांगता येईल. कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क लावणाऱ्या विद्यार्थिनीला तरंगत्या कणांपासून फारसे संरक्षण मिळत नाही. तिला चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ हवा. सर्जिकल मास्क रुग्णाने लावावा, कारण दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगात त्यामुळे संसर्ग निम्म्याहून अधिक घटलेला आढळला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे मोजमापाकडे वळता येईल. प्रवेशाच्या वेळी चाचणी केलेली नसेल, तर दुसऱ्या वर्षी सकारात्मक आलेल्या मुलीविषयी कोणीही काहीही म्हणू शकते, आणि संस्था नेहमी तेच म्हणते जे तिच्या सोयीचे असते. प्रवेशाची चाचणी दोन टप्प्यांत करावी लागते, कारण लहानपणी संसर्ग झालेल्या व्यक्तीची पहिली चाचणी प्रतिकारशक्तीच्या विस्मरणामुळे नकारात्मक येऊन, त्या टोचणीनेच जागी झालेली प्रतिकारशक्ती पुढच्या चाचणीत सकारात्मक प्रतिसाद देऊ शकते. एक ते तीन आठवड्यांनी दुसरी चाचणी घेतली की जुना संसर्ग नवा म्हणून मोजला जाण्याचा हा घोटाळा टळतो. बीसीजीमुळे त्वचा-चाचणी फसते ही शंका सेवाग्रामच्या अभ्यासाने बऱ्याच अंशी दूर केली, कारण तेथे लशीचा चाचणीवरील परिणाम नगण्य होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही नवी त्वचा-चाचणी बीसीजीत नसलेल्या प्रथिनांवर आधारलेली असल्याने ही उरलीसुरली सबबही संपते. रक्तचाचणीचे निकाल मात्र वारंवार घेतल्यास पुढेमागे हेलकावतात, आणि एकदा सकारात्मक आलेली चाचणी पुढच्या वेळी नकारात्मक आल्याची उदाहरणे सेवाग्रामच्याच विद्यार्थ्यांत दिसली. त्यामुळे सीमारेषेवरच्या निकालावरून घाईने निर्णय घेऊ नये.

संसर्ग नव्याने झाल्याचे कळले तर करण्यासारखे काही आहे का, असा प्रश्न एके काळी रास्त होता. आज सहा महिने रोज आयसोनियाझिड किंवा आठवड्यातून एकदा अशी बारा आठवडे दोन औषधे हा प्रतिबंधक उपचार उपलब्ध आहे आणि राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची व्याप्ती वाढवलेली आहे. नव्याने संसर्गित झालेली, रोग नसलेली तरुण विद्यार्थिनी ही या उपचाराची सर्वांत योग्य लाभार्थी ठरते, फक्त ती नव्याने संसर्गित झाली हे कोणाला तरी माहीत असले पाहिजे. हॉस्टेलच्या मेसचाही येथे संबंध येतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना पुरेसा शिधा देऊन पाहिलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांच्यातील क्षय सुमारे ४० टक्क्यांनी घटला. पातळ वरणावर आणि चहा-बिस्किटांवर ड्यूटी काढणाऱ्या मुलींच्या संस्थाचालकांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

कायद्याची बाजू अधिक निराशाजनक आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत आरोग्यसेवा व प्रयोगशाळा यांतील कामातून जडणारे संसर्गजन्य रोग व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेले होते. परंतु विद्यार्थिनी कर्मचारी नाही. ती वॉर्डात काम करते, पण तिच्याशी नोकरीचा करार झालेला नसतो, आणि पुष्कळदा तीच त्या संस्थेला फी देत असते. शिवाय प्रात्यक्षिकांचे सर्व तास भरल्याशिवाय पदवी मिळत नसल्याने आजारी पडलेल्या मुलीला गेलेले दिवस पुन्हा भरून काढावे लागतात, म्हणून खोकला लपवून ड्यूटीवर जाणे हाच तिला शहाणपणा वाटतो. लग्नाचे वय जवळ आलेल्या मुलीच्या नावापुढे टीबी हा शब्द लागू नये म्हणून घरचेही गप्प राहतात. वर्षभरानंतर ती वॉर्डातील अन्य रुग्णांना संसर्ग देत असते, आणि तो अन्याय तिच्यावर जितका असतो तितकाच त्या रुग्णांवर असतो.

महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना, मेट्रनना आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाला म्हणूनच एक साधी विनंती करावीशी वाटते. येत्या प्रवेशापासून प्रत्येक विद्यार्थ्याची दोन टप्प्यांची चाचणी पहिल्या वॉर्ड पोस्टिंगपूर्वी करावी, नकारात्मक राहिलेल्यांची ती दरवर्षी पुन्हा करावी, निकाल गोपनीय ठेवून त्याची सहीशिक्क्याची प्रत त्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, क्षयामुळे बुडालेले तास भरून काढताना वर्ष वाया जाणार नाही असा नियम करावा, आणि संस्थेचा वार्षिक संसर्गदर, नावे वगळून, तिच्या वार्षिक अहवालात छापावा.